खांबाजवळचा गाळ

दरवर्षी तेच रडगाणं. ओहोटी लागली की मोजणीवाल्या बाईने भर दुपारी नावाड्याला घेऊन नदीच्या मुखाशी जायचं, दलदलीतल्या लोखंडी खांबाच्या टोकापासून चिखलापर्यंत पट्टी लावायची आणि जमीन आणखी दोन बोटं खचली म्हणून कचेरीला कळवायचं. गाळ वर धरणात अडकलाय, तो सोडा, नाहीतर इथली जमीन समुद्रात जाईल, हे सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. कचेरी ढिम्म. यंदा मात्र साहेबांनी शब्द दिला होता, जमीन अजून खचली असेल तर धरणाचे खालचे दरवाजे उघडू. पलीकडच्या काठावर, पाण्याला अगदी खेटून तिच्या आईचं घर होतं. ते टिकणार की नाही, हे त्या आकड्यावर होतं.

तिने पट्टी लावली. पुन्हा लावली. चिखल चांगला वीतभर वर आला होता.

“बाई, हा वाहून आलेला नाही,” नावाडी हळूच म्हणाला. “कोणीतरी थापलाय…”

खांबाभोवती हाताचे ठसेच ठसे होते. पाऊल एकही नव्हतं. उजव्या हाताच्या ठशांना करंगळी नव्हती. तिच्या बाबांची करंगळी होडीच्या नांगराच्या दोरात गेली होती. तिच्याआधी तीस वर्षं ही मोजणी तेच करायचे. जमीन खचलेली दिसली की त्या दिवशी जेवायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी इथे आले ते परतलेच नाहीत.

भीतीच्या आधी तिला संताप आला.

“पुरे करा बाबा,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “एवढ्या वर्षांनी कोणी ऐकणार होतं… आणि तुम्ही भर घालत बसलात. हा आकडा बघून दरवाजे कोण उघडेल?”

ती दोन्ही हातांनी गाळ उपसायला लागली. गाळ कोमट होता, त्याला चुलीतल्या राखेचा वास होता. बोटाला काहीतरी टोचलं. हिरव्या फरशीचा तुकडा. अशा फरश्या तिने गेल्याच रविवारी आईच्या स्वयंपाकघरात बसवून घेतल्या होत्या.

“वरून गाळ येत नाही म्हटल्यावर,” नावाडी पुटपुटला, “जवळचाच आणला त्यांनी…”

तिने आईला फोन लावला. “आई, घराबाहेर पड. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, येते, पण जमीन डगमगतेय,” आई कुजबुजली. “आणि खालून कोणीतरी बोलतंय… म्हणे, तशीच उभी राहा, अजून थोडाच न्यायचाय.”