ताईंची तार

चार दिवस तापात काढून पाचव्या दिवशी तो प्रयोगशाळेकडे निघाला, ते केवळ एक थर्मास बघायला. त्यात ताईंनी मरणाच्या आठवडाभर आधी निववलेली सोन्याची तार होती, केसाइतकी बारीक. भोवतीचा द्रव नायट्रोजन दोन दिवसांत उडून जातो. तीन महिने तो रोज भरत आला होता. गेले चार दिवस कुणी भरला नव्हता.

ताई त्याच्या वरिष्ठ. डावखुऱ्या, फटकळ, आणि हात असा की यंत्रानं लाजावं. तार रसरशीत तापली की श्वास रोखायच्या, आणि पापणी लवायच्या आत तार बर्फाच्या खाऱ्या पाण्यात!

“तापलं की काही अणू जागा सोडतात,” त्या सांगायच्या. “हळूहळू निववलंस तर रिकाम्या जागा भरून येतात. झटक्यात निववलंस तर रिकामी ती रिकामीच.”

“मग?”

“मग थंडीत जपायची. ऊब लागली की संपलं. आणि जांभया देऊ नकोस, तार थरथरते!”

इतक्या रिकाम्या जागा नुसत्या हातानं पकडता येतात, यावर बाहेरच्या तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. सोमवारी ते स्वतः मोजायला येणार होते. पुरावा म्हणून उरली होती ही एकच तार.

पहारेकऱ्यानं कुलूप काढलं. “किल्ली माझ्याच कमरेला होती, साहेब. चिटपाखरूही फिरकलं नाही.”

आत गारठा होता. ओल्या लोखंडाचा वास. आणि आवाज... बारीक, सावकाश बुडबुड.

थर्मास काठोकाठ भरलेला होता.

“तुम्ही...?”

“मी? थर्मासातून निघणाऱ्या त्या धुराच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही मी...”

त्यानं तारेचा विद्युतरोध मोजला; रिकाम्या जागा भरल्या की तो उतरतो. पुन्हा मोजला. ताईंच्या वहीतलाच आकडा, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. एकही जागा भरून आली नव्हती. अंगावर काटा असतानाही त्याच्या तोंडून निघून गेलं, “वा, ताई!”

पहारेकरी भिंतीकडे बघत होता. तिथे खिळ्याला ताईंचा नायट्रोजन ओतताना घालायचा डाव्या हाताचा कातडी मोजा तीन महिने तसाच टांगलेला होता. काढायला कुणाचा हात धजला नव्हता. आता त्यावर पांढरं हिव साचलं होतं. कातडं लाकडासारखं कडक झालं होतं.

“साहेब, नको...”

त्यानं मोज्यात बोटं घातली.

आतून तो ऊबदार होता.