पेडलवरचा पाय

ब्रेक ऑइलचा डबा आणायला पूर्णिमाच गेली होती. सलोनीला कडेवर घेऊन ती चंदननगरहून परत आली, तेव्हा सूर्य खराडीतल्या काचेच्या इमारतींमागे उतरला होता. गॅरेजच्या शेडमध्ये तिचा नवरा रतन जुन्या ट्रकला टेकून उभा होता.

"आलीस? मला वाटलं, कारखान्यातच गेलीस की काय डबा भरून आणायला."

"पोरीला घेऊन चालत गेले, चालत आले. पुढच्या वेळी तुम्हीच जा."

रतन हसला. आज तो कशालाही हसत होता. ट्रक गिऱ्हाइकाचा, हिंमतरावांचा, त्यांच्या वडिलांच्या काळातला. लांब नाक, गोल दिवे. कित्येक वर्षं तो झाडाखाली पडून होता, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. रतनने त्याचं इंजिन पार खोललं, पिस्टन-रिंगा बदलल्या, डिझेलचा पंप दुरुस्त करून आणला. दुपारी काळा धूर ओकत ते सुरू झालं, तेव्हा रतनने बायकोकडे पाठ करून डोळे पुसले होते. आता फक्त ब्रेक राहिले होते, आणि त्यातही एकाच चाकातली हवा काढायची बाकी होती. सकाळी हिंमतराव गाडी न्यायला येणार होते.

"चल, वर बस. दहा मिनिटांचं काम आहे," रतन म्हणाला.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर केबिनमध्ये पेडल दाबतो, दुसरा खाली चाकापाशी निजून हवा सोडायचं निपल पान्याने सैल करतो. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. मधे असतो तो फक्त आवाज. खालून "धर" आलं की पाय दाबायचा आणि "धरलं" म्हणायचं. "सोड" आलं की सोडायचं आणि "सोडलं" म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय खालचा माणूस पाना हलवत नाही, आणि सांगितल्याशिवाय वरचा माणूस पाय काढत नाही. आधीची तिन्ही चाकं पूर्णिमानेच धरली होती. पण तेव्हा ऊन होतं.

"अहो, मागच्या चाकाला एकच ठोकळा लावलाय तुम्ही. जागा उतरती आहे. हँडब्रेकची तारसुद्धा बसलेली नाही अजून."

"एवढा जाड ठोकळा आहे. मला दोन्ही हातांनी उचलावा लागतो. तू त्याची काळजी करू नकोस, तू धर म्हटल्यावर धर."

तिने शेडलगतच्या आपल्या खोलीच्या दारात चटई टाकली, सलोनीला बिस्किटाचा पुडा दिला आणि केबिनमध्ये चढली. बाजूच्या आरशात चटई दिसत होती, चटईवर पोर दिसत होती. तेवढ्यावर तिने जिवाला धीर दिला.

रतन उजेडाला छोटी बॅटरी घेऊन पुढच्या चाकामागे आडवा होऊन आत सरकला. शेडमध्ये अंधारत चाललं होतं. केबिनला जुन्या रेक्झिनचा वास येत होता, आणि त्यात कसलातरी दुसरा. बिडीचा. रतन बिडी ओढत नव्हता.

तिला नको तेव्हा हिंमतरावांचं बोलणं आठवलं. गाडी इथे आणून टाकली त्या दिवशी त्यांनी सहज सांगितलं होतं. या गाडीवर नागोराव म्हणून ड्रायव्हर होता, तोंडात कायम बिडी. दिवे घाटात ब्रेक बिघडले. नागोराव पेडलवर बसला आणि त्याचा सख्खा भाऊ खाली निजला. नागोरावने पाय काढला, गाडी मागे आली, भाऊ चाकाखाली गेला. त्यानंतर नागोराव मरेपर्यंत एकच सांगत राहिला, 'खालून सोड म्हणाला, म्हणून सोडलं.' हिंमतराव म्हणाले होते, "आता मला सांगा, गाडीखालचा माणूस स्वतःहून असं म्हणेल का?"

"धर!" खालून रतनचा आवाज आला.

"धरलं."

"सोड."

"सोडलं."

असं बराच वेळ चाललं. मग तिने आरशात पाहिलं. चटई होती. सलोनी नव्हती.

ती पायऱ्या न बघता खाली उतरली. गाडी कुरकुरली, तिला वाटलं, आपलं वजन उतरलं म्हणून. तेवढ्यात खालून आलं, "धर!"

उतरले म्हटलं तर तो ओरडणार. एवढ्याशासाठी हजारदा उतरतेस, म्हणणार. पोर दिसली की लगेच वर चढू, असं मनाशी म्हणत ती जमिनीवरूनच बोलून गेली, "धरलं."

आणि केबिनचं दार उघडं होतं म्हणून तिला ते दिसलं. रबर लावलेलं पेडल हळूहळू खाली गेलं. पार खाली गेलं आणि तिथेच राहिलं. सीटचं रेक्झिन खोल दबलं होतं... कुणीतरी बसल्यासारखं.

तिचे पाय पोरीच्या ओढीने मागे पळाले. सलोनी मागच्या चाकापलीकडे बसली होती, बिस्कीट खात. बसली होती त्या ठोकळ्यावर. चाकाला लावलेल्या ठोकळ्यावर.

चाकामागे काही नव्हतं. गाडी उतारावर होती. खाली रतन होता. आणि ती गाडी धरून ठेवली होती फक्त त्या पेडलने.

"सोड," खालून आवाज आला.

तिने सलोनीचा दंड धरला.

"सोड... सोड आता..."

रतनचाच आवाज. शांत, लाडीगोडीचा. केबिनमध्ये सीटची स्प्रिंग करकरली, चाक बोटभर मागे सरकलं. पूर्णिमाने जिवाच्या आकांताने रिकाम्या केबिनकडे तोंड केलं.

"नागोराव, सोडू नका! हात जोडते, सोडू नका... त्याचं ऐकू नका!"

चाक थांबलं. तिने सलोनीला ढकलून बाजूला केलं आणि ठोकळा दोन्ही हातांनी उचलला. कसा उचलला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. तो चाकाखाली कोंबला, वरून लाथ मारून घट्ट केला. तेव्हा कुठे वर पेडल सुटल्याचा आवाज आला, अगदी सावकाश, आणि गाडी ठोकळ्यावर रेलली. बिडीचा वास केबिनच्या दारातून तिच्या अंगावरून गेला आणि विरला.

रतन धडपडत बाहेर आला. "काय ओरडतेस? डोकं आपटलं माझं! आणि नागोराव कोण इथे?"

"तुम्ही सोड म्हणत होतात..." ती रडत होती. "ठोकळा निघाला होता हो. सोडलं असतं तर तुम्ही..."

रतनने पालथ्या हाताने तोंड पुसलं. तोंडाला तेल लागलं होतं, लाळ लागली होती. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"मी सोड म्हटलंच नाही," तो म्हणाला. "निपल आवळत होतो. 'धर' म्हटल्यावर मी बॅटरी दातात धरली, ती आत्ता काढली."

सलोनी आईच्या साडीला बिलगली होती.

"हा ठोकळा कुणी काढला गं?" रतनने अगदी हळू विचारलं.

"बाबांनी," सलोनी म्हणाली. "खालून दिला. बस म्हणाले."

रतनने बॅटरी लावली आणि दोन पावलं लांबूनच वाकून गाडीखाली उजेड टाकला. पूर्णिमाही वाकली.

खाली बारीक धूळ होती. तिच्यात रतनच्या पाठीची खूण होती, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणखी एक पाठ उमटली होती. जास्त रुंद. तीही आत सरकत गेलेली दिसत होती.

बाहेर आल्याची खूण कुठेच नव्हती.