जरा दाबून धरा

तो आत आला तेव्हा ग्रंथपाल मुलीचे दोन्ही हात खळीने बरबटलेले होते. "बरं झालं आलात, हे जरा दाबून धरा," म्हणत तिने नुकतं चिकटवलेलं पुस्तक त्याच्या हातात दिलं. तो बिचारा दहा मिनिटं तसाच उभा. मग हळूच म्हणाला की आपण मुख्य कार्यालयातून आलोय... वाचनालयाच्या बारा शाखांची कार्यक्षमता मोजायला. झालं! शेवटचा नंबर येईल ती शाखा बंद होणार होती, आणि तो कुणाचा येणार हे तिला न मोजताही ठाऊक होतं.

तो कोपऱ्यात बसून मोजू लागला. माणसं किती, जागा किती, पुस्तकं किती बाहेर गेली. तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं मोजपट्टी. पण ही मोजपट्टी चहा आणताना दोन कप आणायची, आणि तिने केस मागे सारले की बेरीज चुकायची. हे तिला दिसत नव्हतं असं मुळीच नाही.

तिसऱ्या दिवशी तिने विचारून टाकलं, "आम्ही शेवटचेच ना?"

त्याने समजावलं की पद्धत इतकी निष्ठुर नाही, प्रत्येक शाखेला तिच्या जमेच्या बाजूनेच तोलायचं असतं. तुमची कोणती?

ती कसनुसं हसून म्हणाली की सगळ्या शाखा फाटकी पुस्तकं तिच्याकडे धाडतात, ती सांधून परत पाठवते, आणि पुस्तकं वाचली जातात त्यांच्या नावावर.

त्याचं पेन थांबलं. "म्हणजे 'पान सत्तेचाळीस जपून उलटा'... 'इथे शाई सांडलीय, पण गोष्ट पुढे छान आहे'... त्या चिठ्ठ्या तुमच्या?" बाकीच्या अकराही शाखांत, सांधलेल्या पुस्तकांत त्याने त्या वाचल्या होत्या, काही तर उतरवूनही घेतल्या होत्या. तो कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी तो सांगायला आला की सगळ्यांच्या तक्त्यात दुरुस्तीचा रकाना घातलाय, पण या शाखेचं माप आता त्याची सहकारी घेईल.

तिचा चेहरा पडला. "तुम्ही का नाही?"

"मी... निष्पक्ष राहिलो नाही."

आठवड्याने यादी लागली. शाखा सातवी! त्याच संध्याकाळी तो कणा सुटलेली वही घेऊन दारात हजर. कणा मुद्दाम उसवलाय, हे तिला बघताच कळलं. तिने खळ लावली, वही त्याच्या हातात दिली, आणि वरून स्वतःचाही हात ठेवला.

"किती वेळ धरायचं?" त्याने विचारलं.

"एरवी दहा मिनिटं," ती म्हणाली. "आज... जरा जास्त लागतील."