त्या दिवशीचं पिठलं

नाशिक रोड स्टेशनच्या फलाटावर, शेवटच्या बाकड्याखाली, एका लहान मुलाच्या चपला सापडल्या. निळ्या पट्ट्यांच्या. उजव्या चपलेचा अंगठा तारेने शिवलेला. दोन्ही चपला एकमेकींना जोडून, सरळ रेषेत ठेवलेल्या होत्या.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी. फोन आला तेव्हा फौजदार प्रतिभा कडलग चहा पीत होती. तिने चहा संपवला आणि मगच उठली. हरवलेल्या मुलांच्या तक्रारी तिच्याकडेच येत, कारण ठाण्यात ती एकटीच बाई होती आणि साहेबांच्या मते मुलं हा बायकांचा विषय होता. नोकरीच्या सुरुवातीला अशा प्रत्येक तक्रारीने तिची झोप उडायची. आता उडत नसे, आणि याचंच तिला अधूनमधून वाईट वाटे.

चपला जीवनच्या होत्या. नऊ वर्षांचा, आईबाप नसलेला, दिंडोरी रोडवरच्या समाजाच्या बालसदनात राहणारा. तो पळून गेल्याची तक्रार दोन दिवसांपूर्वी सदनाचे अधीक्षक सावळीराम सरांनी दिली होती. चपलाही त्यांनीच शोधून काढल्या. पोरगं मुंबईच्या गाडीत बसलं असणार, असं त्यांचं म्हणणं. हवालदार गोरक्षला ते पटलं होतं.

“पळणारं पोरगं चपला जोडून ठेवतं का, गोरक्ष?”

“गाडीत चढताना काढल्या असतील, मॅडम.”

“आणि या थंडीत अनवाणी गेला?”

गोरक्षने खांदे उडवले.

बालसदन समाजाने वर्गणी काढून उभं केलं होतं. अध्यक्ष कोंडाजीनाना. त्यांची द्राक्षबाग सदनाच्या भिंतीला लागूनच. समाजात कुणाचं लग्न अडलं, भावाभावांत बांधावरून जुंपली, की माणसं नानांच्या ओट्यावर येत आणि नाना म्हणतील ते ऐकून जात. पोलिसांची जीप आत शिरली तेव्हा नाना फाटकातच उभे होते. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, हात जोडलेले.

“या बाई. लेकरू गेल्यापासून आमच्या पोटात अन्न नाही.”

व्हरांड्यात मुलांच्या चपलांची ओळ होती. जोडीला जोड, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. एक चप्पल जरा तिरकी झाली होती, ती सावळीराम सरांनी बोलता बोलता पायाने सरळ केली.

“मुलांना मारता का, सर?”

“शिस्त तर लावावी लागते.”

“जीवनला मारलं होतं?”

“बोट नाही लावलं.”

शाळेतल्या बाईंनी मात्र वेगळंच सांगितलं. जीवनच्या पाठीवरचे वळ त्यांनी दिवाळीआधीच पाहिले होते, आणि थेट नानांच्या कमिटीला जाऊन सांगितले होते. कमिटीने चहा पाजला, घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू, असं सांगितलं. म्हणजे त्यावर पांघरूण घातलं. बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा चहासुद्धा मिळाला नाही.

प्रतिभाने मुलांना एकेकटं बोलावलं. पहिला मुलगा जमिनीकडे बघत उभा राहिला.

“जीवन गेला त्या दिवशी काय झालं होतं?”

“पिठलं-भाकरी होती.”

“ते नाही विचारलं. काय झालं?”

“सकाळी पिठलं-भाकरी आली होती.”

गोरक्षला हसू आलं. दुसऱ्या मुलाने तेच सांगितलं, मग तिसऱ्याने, मग एका मुलीने. एकही जण जीवनचं नाव घेईना. एवढं बोलून झालं की तोंडाला कुलूप. गोरक्षचं हसू हळूहळू गेलं.

“पढवलीत पोरं,” तो म्हणाला. प्रतिभालाही तसंच वाटलं. फक्त इतकी बिनकामाची गोष्ट कुणी का पढवेल, हे तिला कळेना.

शेवटी जीवनची बहीण आली. रूपाली, बारा वर्षांची, घट्ट वेण्या घातलेली.

“तूही पिठलं खाल्लंस त्या दिवशी?”

“मी नाय खाल्लं.”

“भूक नव्हती?”

“होती.” मग तिने विचारलं, “तो सापडला की मला सांगाल?”

“सांगीन.”

“समद्यांच्या आधी?”

“सगळ्यांच्या आधी,” प्रतिभा म्हणाली. असले शब्द तिने फार जणांना दिले होते. हा मात्र तिने वहीत लिहून घेतला, आणि लिहिला याचं तिला नवल वाटलं.

पिठल्याचं काय, असं तिने सावळीराम सरांना विचारलं. सर सहज म्हणाले, की गॅस संपला होता, म्हणून नानांच्या घरून आलं. “पण पोरं माजलीत. कुणी शिवलं नाही. सगळं गाईपुढे टाकावं लागलं.”

प्रतिभा स्वयंपाकघरात गेली. तिथे गॅस नव्हताच. मातीची मोठी चूल होती आणि मागे पत्र्याखाली वाळलेली लाकडं छतापर्यंत रचलेली. स्वयंपाकीण भागीबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. पाण्याचे माठ कोरे करकरीत होते.

“माठ नवे घेतले?”

“जुने गळत होते.”

“सगळे एकदमच?”

भागीबाईने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

परसदारातून बागेत जायला वाट होती. डावीकडे द्राक्षांचे मांडव. उजवीकडे कोपऱ्यात पडीक तुकडा, त्यावर बाभळीच्या ताज्या काट्यांचा ढीग, वर दगड. प्रतिभाच्या बुटात काटा घुसला. तो काढत तिने विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, “पोरं द्राक्षं तोडतात, म्हणून टाकल्या काट्या.” प्रतिभाने मान हलवली. काटा लांब होता, काढताना थोडं रक्त आलं.

पुढचे दोन दिवस मुंबईला, कल्याणला, मनमाडला निरोप जात राहिले. जीवन कुठेच नव्हता. साहेब म्हणाले, की अशी पोरं येतात परत, नाही आली तर नाही येत. प्रतिभाही तसंच म्हणायला लागली होती.

मग गोरक्षचे चुलते वारले. नाशिक रोडला, प्रेसच्या माणसांच्या वसाहतीत त्यांचं घर. प्रतिभा भेटायला गेली तेव्हा माणसं नुकतीच घाटावरून परतली होती. घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या दोन बायका फडक्याने झाकलेली टोपली आणि पातेलं घेऊन आल्या. गोरक्षच्या चुलतीने मान फिरवली. बायकांनी तिचा हात धरला.

“एक घास घ्या. कडू घास हाय, घ्यावा लागतो.”

टोपलीत भाकरी होत्या आणि पातेल्यात पिठलं होतं.

प्रतिभा उठून बाहेर आली आणि जीपला टेकून उभी राहिली. गोरक्ष मागोमाग आला. काय झालं, म्हणून त्याने विचारलं.

“मुलांना कुणी पढवलं नव्हतं,” ती म्हणाली.

तिथून ती तडक भागीबाईकडे गेली. या वेळी काही विचारावं लागलं नाही. चूल कुणी बंद ठेवायला लावली, एवढंच प्रतिभाने म्हटलं आणि भागीबाईच्या हातातलं सूप खाली आलं. तिची स्वतःची पोरगी त्याच सदनात होती, म्हणून ती आजवर बोलली नव्हती. आता बोलली, आणि बोलताना रडली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रतिभाने कमिटीला सदनाच्या सभागृहात बोलावलं. नाना आणि चार सभासद हार घातलेल्या फोटोंखाली ओळीने बसले. सावळीराम सर दाराशी उभे होते. त्यांच्या मागे गोरक्ष.

“जीवन मुंबईला गेला नाही,” प्रतिभा म्हणाली. “चपला स्टेशनवर सरांनी नेऊन ठेवल्या. पण व्हरांड्यातली सवय सुटली नाही. पळून गेलेल्या पोराच्या चपलासुद्धा त्यांनी जोडून ठेवल्या.”

सावळीराम सरांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

“सरांनी त्याला संध्याकाळी मारलं. डोकं भिंतीवर आपटलं. पण तो तेव्हा मेला नाही. भागीबाईने त्याला हळद घालून दूध दिलं. तो दोन घोट प्याला. तेव्हा समोर कोण होतं, नाना?”

नाना टोपी सारखी करू लागले.

“तुम्ही होतात. आणि हे चौघेही होते. तुम्ही इथेच बसून ठरवलं, की दवाखान्यात न्यायचं नाही. दवाखान्यात नेलं की पोलीस येणार, पेपरात छापून येणार. शाळेच्या बाई आधीच सांगून गेल्या होत्या, तेही निघणार. समाजाचं नाव जाणार. पहाटे मूल गेलं.”

“ह्याला पुरावा काय?” एक सभासद म्हणाला.

“पिठलं.”

गोरक्षने मागचं दार लोटून घेतलं.

“मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. भरलेलं पाणी ओतून देतात, माठ बदलतात. आणि शेजारपाजारहून कडू घास येतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या सकाळी ठाण्यात तक्रार लिहिली जात होती, की पोरगं पळून गेलं. त्याच वेळी नानांनी भागीबाईला सांगितलं, की चूल पेटवू नको. माठ फोडले. आणि नानांच्या पत्नी नवसाकाकूंनी सगळ्या मुलांपुरतं पिठलं-भाकरी करून पाठवलं. पळून गेलेल्या पोराचा कडू घास कोण करतं, नाना?”

नानांची नजर भिंतीपलीकडे, आपल्या घराकडे गेली.

“तिला यात ओढू नका. तिला कुणी करायला सांगितलं नव्हतं. पोरगं गेलं एवढंच मी घरी बोललो. ती उठली आणि पिठाला बसली.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो, ते त्यांच्या ध्यानात आलं. चौघांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून बसले. काखा वर करायला त्यांना तेवढा वेळ पुरला.

“कोपऱ्यातल्या काट्या कसल्या? वेली तर दुसऱ्या बाजूला आहेत.”

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आवाज चढला नाही, उलट त्यात थोडा अभिमानच होता.

“आम्ही त्याला तसाच नाय टाकला, बाई. पांढरं कापड आणलं. मीठ घातलं. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून काट्या लावल्या, दगड ठेवले. घरच्या लेकराचं करावं तसं समदं केलं.”

“गेल्यावर केलं. त्याच्या आधी तुमची जीप कुठे होती?”

“दारात.”

“दवाखाना किती लांब?”

“वाटलं, सकाळपर्यंत दुखणं उतरंल,” नाना म्हणाले.

प्रतिभाला राग यायला हवा होता. ती वाट बघत राहिली, पण आला नाही. तिथे फक्त एक म्हातारा माणूस टोपी मांडीवर घेऊन बसला होता, ज्याला मेलेल्या मुलाचं सगळं करता येत होतं आणि जिवंत मुलाचं काहीच नाही. सरांना हात उचलायची सवय होती, ती मोडायची ताकद एकट्या नानांत होती. बाई सांगून गेल्या तेव्हा होती, आणि त्या संध्याकाळीही होती.

“मारणारा एक होता,” ती म्हणाली. “मरू देणारे पाच. सगळे चला.”

चौघांपैकी एक जण म्हणाला, की आम्ही फक्त बसलो होतो. गोरक्षने त्यालाही जीपमध्ये बसवलं. पुढच्या आठवड्यात समाजाने शहरात मोर्चा काढला. मोर्चा नानांना सोडा म्हणणाऱ्यांचा होता.

काट्या उचलायला माणसं आली, तेव्हा प्रतिभाने त्यांना थांबवलं आणि आधी व्हरांड्यात गेली. रूपाली खांबाला टेकून बसली होती.

“सापडला,” प्रतिभा म्हणाली.

“बागेत ना?”

“तुला माहीत होतं?”

“बागेतलं नव्हतं माहीत. गेला ते माहीत होतं. पिठलं आलं ना.” ती अगदी सरळ बोलत होती. “आई गेली तवा आलं होतं. बाप गेला तवाबी. इथल्या समद्या पोरांनी आपापल्या घरी खाल्लेलं हाय ते. आम्ही तर पहिल्याच दिवशी सांगितलं तुम्हाला.”

प्रतिभा तिच्या शेजारी बसली.

“आणि तू का नाही खाल्लंस?”

“मी खाल्लं असतं तर तो गेलाच असता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जीवनला रीतसर निरोप दिला. रूपालीने त्याला पाणी पाजलं. प्रतिभा संध्याकाळी आपल्या घरून टोपली आणि पातेलं घेऊन आली. भाकरी तिनेच थापल्या होत्या. बऱ्याच दिवसांत सवय नव्हती, दोन-तीन करपल्या होत्या. सदनात चूल बंद होती. मुलं ओळीने बसली आणि सगळी रूपालीकडे बघत राहिली.

रूपालीने बराच वेळ ताटाला हात लावला नाही. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला. ती चावत असताना रडू लागली, पण घास टाकला नाही. मग बाकीच्यांनी ताटं पुढे ओढली.

या वेळी काहीच उरलं नाही. रूपालीने पातेलं घासलं, फडक्याने पुसलं आणि प्रतिभाच्या हातात परत दिलं.