हातमोज्यातून नाडी

अग्निशमन केंद्राच्या फाटकाशी एक तरुण हेल्मेटच्या पट्ट्याशी झटापट करत उभा होता. हातात जाडजूड हातमोजे, तेही पावसाने भिजून चिकटलेले. ना पट्टा सुटत होता, ना मोजे निघत होते.

"थांबा... मान वर करा."

ती इथलीच जवान. आगीतून माणसं बाहेर काढायची तिला सवय होती, हेल्मेटमधून काढायची वेळ पहिलीच! पट्टा सुटला आणि आतून दोन ओशाळलेले डोळे बाहेर आले. ते तिच्यावरून हलेचनात.

"कुठल्या शहाण्याने बनवलेत हे मोजे?"

"मी... म्हणजे, तुमच्यासाठीच."

तो संशोधक होता. निधी मंडळाकडे प्रस्ताव पाठवायचा, तर मोजे वापरणारं कुणीतरी भागीदार म्हणून हवं होतं. तिने हात झटकले. "याआधीही आले होते असे. सही घेतली, फोटो काढला, पसार! गरज सरो, वैद्य मरो."

"मग तुम्ही सांगा, मोज्यात काय हवं?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "धुरात मनगट हाताला लागतं, पण माणूस जिवंत आहे का ते कळत नाही. मोजा काढला तर हात भाजतो. मोज्यातून नाडी लागली पाहिजे."

मग दर आठवड्याला तो नवा मोजा घेऊन येऊ लागला. ती डोळे मिटून त्याचं मनगट धरायची. "नाही लागत." तो हिरमुसून जायचा, पुन्हा यायचा. आणि त्याच्या गाडीचा आवाज आला की ती उगाचच केस सारखे करायची.

एका संध्याकाळी बोटांखाली काहीतरी धडधडलं.

"लागली! पण केवढी पळतेय हो... बरं नाही का?"

"तुम्ही धरलीत की अशीच पळते," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. तिने मनगट जरा उशिरानेच सोडलं.

निधी मंडळापुढे दोघांची मुलाखत छान रंगली होती, तोच अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुमच्या दोघांत काही जवळचं नातं? तसं असेल तर यांनी दिलेला मोज्यांच्या चाचणीचा निकाल आम्ही धरणार नाही."

"नाही," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. अगदी त्याच क्षणी!

अध्यक्षबाईंनी हसू दाबलं. "आधी बाहेर जाऊन ठरवा बरं."

बाहेर येताच तिचा पारा चढला. "हातातोंडाशी आलेला घास घालवलात! 'नाही' म्हणायला काय झालं होतं?"

"जीभच वळेना... मला तुम्ही फार आवडता. तुमच्या मनात तसं नसेल, तर आत जाऊन माझा शब्द मागे घेतो."

तिला राग धरून ठेवायचा होता, पण हसूच फुटलं. ती वळली आणि तरातरा आत गेली.

"नातं आहे. म्हणून मोज्यात काय हवं ते मी सांगेन, आणि पास-नापास माझे सहकारी ठरवतील. ते माझ्याहून खवट आहेत."

"आणि हे नातं कधीपासून?"

"आत्ताच. बाहेर."

सगळी समिती हसली.

महिन्याभराने प्रस्ताव मंजूर झाल्याची बातमी घेऊन तो फाटकाशी उभा राहिला. डोक्यावर हेल्मेट, हातात नवे मोजे. त्याने मान वर केली.

"या मोज्यांनी पट्टा सुटतो," ती म्हणाली. "मीच तसे करून घेतलेत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी तूच काढ."