चकचकीत रॉडवरचा ओरखडा

मशीनखाली तेलाचं थारोळं पसरत होतं, आणि वर्षाराणीचा राग त्याहून भराभर. शेलूबाजारच्या रस्त्याकडेला वडिलांची खोदकामाची मशीन तिसऱ्यांदा बंद पडली होती. तेवढ्यात एक मोटारसायकल कचकन थांबली. तेल अडवणारं रबरी सील बदलून देणारा मिस्त्री, हरीओम!

"आले पाहा नकली सीलवाले!"

"नकली? दोन्ही डाव असली माल टाकला."

"मंग तेल कायले गळून राह्यलं? बाबा म्हणतात, आता अकोल्याच्या मिस्त्रीकडेच नेऊ."

हरीओम मशीनपाशी वाकला. सिलिंडरमधून बाहेर आलेल्या चकचकीत रॉडवरून त्यानं नख फिरवलं… आणि थांबला.

"तुमचं नख द्या."

"काय?"

"नख म्हटलं. जीव नाई मांगितला."

तिनं बोट टेकवलं. "हळू… आणखी खाली…" तो अगदी जवळून म्हणाला. नख खटकन अडकलं. तिचा श्वासही.

"अशानं रबराचं सील कापलं जाते. आतल्या तेलाचा दाब लय असते, त्याले केसाएवढी वाट पुरते. मी दोन डाव सील बदलवलं, रॉड पाह्यलाच नाई. चूक माही. पण हा ओरखडा कायचा?"

दोघांची नजर एकदमच वर गेली. रॉडला तारेनं करकचून बांधलेली, वाळलेली लिंबू-मिरची!

वर्षाराणीनं जीभ चावली. "दर अमावस्येले मीच बांधते… नजर लागू नये म्हणून."

"तार घसरते ना रॉडवर! समोरच्या जाळीले बांधत जा. अन् दोऱ्यानं."

रॉड घासून, नवा मुलामा चढवून आला. हरीओमनं नवं सील कोमट तेलात मऊ केलं, स्क्रूड्रायव्हर न लावता बोटांनीच बसवलं. लेकराला अंगडं घालावं तसं. ती बघतच राहिली.

"काम झालं का मशीन रॉड आत घेऊनच उभी करा, धूळ बसत नाई. आता माह्याकडे यायचं काम नाई पडत." मग हात पुसत, तिच्याकडे न पाहता – "रविवारी आई मंगरूळपीरले नेऊन राह्यली… पोरगी पाहाले."

मशीन खरंच गळेना. वर्षाराणी सकाळ-संध्याकाळ वाकून बघायची. खाली कोरडी माती! तिला त्या मातीचाच राग येऊ लागला. हातातलं काम हातात राही. फोन उचलायचा, ठेवायचा… शेवटी ड्रायव्हर किशनलाच लावायचा.

"गळत तर नाई ना?"

"ताई, तुमी गळायची वाट पाहून राह्यल्या का?"

शनिवारी ती हरीओमच्या दुकानासमोर उभी राहिली. एकटीच, मशीनशिवाय.

"काय झालं? गळालं?"

"नाई."

"मंग?"

"मशीन चांगली आहे… मलेच चैन नाई."

हरीओमचा तेलात बुडालेला हात तसाच राहिला.

"उद्या नका जाऊ," ती पुटपुटली.

"आईले काय सांगू?"

"सांगा… इथंच एक पोरगी आहे. भांडखोर आहे म्हणा. बाबाले मी सांगते."

मग तेलकट हातानंच त्यानं फोन लावला.

"आई, उद्याची गाडी राहू दे…" वर्षाराणीचे कान तापले. "नाई, जायचं तर आहेच. साडी नवीच नेस. जवळच जायचं आहे."