जागृतीने मुलगा पाहिला

सावंगीच्या दवाखान्यात जागृतीने फिजिओथेरपीच्या खोलीचं दार जोरात ढकललं, आणि आतून येणाऱ्या डॉक्टर अश्वजितच्या हातातला चहा त्याच्याच एप्रनवर सांडला. दुसरा कुणी चिडला असता. हा हसला.

"गोलकीपर काय तुम्ही?" तिची जर्सी अन् सुजलेलं बोट बघत अश्वजित म्हणाला. "दारातून कोणाले जाऊच देत नाई."

"तुम्हीच येऊन धडकले..."

देशातल्या सगळ्यात वरच्या महिला लीगमध्ये पवनारची ही पोरगी गोल राखत होती. बोट बरं झालं, पण मेसेज थांबले नाहीत. तो प्रत्येक सामना मोबाइलवर बघायचा आणि लिहायचा, 'डावीकडं उशिरा झेपावली.' ती चिडायची, आणि पुढच्या मेसेजची वाट बघायची.

संघ मात्र तळाला होता. वडिलांनी, नत्थूंनी, बजावलं होतं, "टीम खाली गेली का फुटबॉल बंद. मंग पाहुणे बोलावतो."

शेवटच्या सामन्यातही हार झाली. संघ खालच्या लीगमध्ये गेला आणि घरात पोह्यांची तयारी सुरू झाली.

"पाहुण्याले नाई म्हणा," जागृती म्हणाली. "मीच पोरगा पाहून येते. सावंगीले."

"लोक काय म्हणतीन?"

"सीझनभर गोल खाल्ले बाबा. लोकायची बोलणी खाल्ल्यानं मरत नाई मी."

नत्थू धुसफुसत का होईना, तिच्यासोबत बसमध्ये चढले. पोरीला एकटं कसं पाठवायचं!

पोरगीच पोरगा पाहायला घरी आलेली बघून अश्वजितची आई तानाबाई गोंधळली. पोहे त्यानेच आणले. बशी पुढे करताना त्याने मान खाली घातली, आणि जागृतीला ते फार आवडलं.

"मी खेळणं सोडणार नाई," ती म्हणाली. "महिना महिना बाहेर राहीन. चालन?"

"चालन."

"अन् पुन्हा हरली तर...?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मॅच हातची गेलती, तरी तू झेपावून राह्यलती. त्याच दिवशी मी आईले सांगतलं — लग्न करीन तं हिच्यासंगच."

"सांगतलं खरं," तानाबाई म्हणाली. "मी म्हटलं, तिले विचार. तं म्हणे, भेव लागते."

जागृती खळखळून हसली. मग तिने नत्थूंकडे सरळ बघितलं.

"बाबा, मले पोरगा पसंत हाय. आता तुम्ही पोहे खा."